भेगेला वय असतं!

ॲल्युमिनियमचा तुकडा तुटला की तुटलेल्या तोंडावर त्याची सगळी कर्मकहाणी लिहिलेली असते, आणि ती वाचता येते! दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं, खिडकीतून येणारा तिरपा उजेड हवा आणि आयुष्यभर तुटलेलं लोखंड पाहिलेला एक माणूस शेजारी हवा. मला हे तिन्ही मिळालं. तेव्हापासून मी भेटेल त्याला हे सांगत सुटले आहे. ऑफिसात सांगून झालं, आईला फोनवर सांगून झालं, ट्रामच्या थांब्यावर एका अनोळखी बाईंनाही सांगून झालं. ओस्लोत अनोळखी माणसाशी थांब्यावर बोलणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच, पण त्या बाईंनी शेवटी भिंग कुठे मिळतं ते विचारलं. आता तुमची पाळी.

आधी रोलर स्की म्हणजे काय ते सांगते, कारण डोंबिवलीत वाढलेल्या मला नॉर्वेत येईपर्यंत अशी वस्तू जगात आहे याचा पत्ताच नव्हता. इथे हिवाळ्यात माणसं पायाला लांब स्की बांधून, हातात दोन काठ्या घेऊन जंगलातून मैलोन्‌मैल जातात. उतारावरून सुसाट खाली येण्याचं ते सिनेमातलं स्कीइंग वेगळं. हे सपाटीवरचं आणि चढावरचं, स्वतःच्या दमावर चालणारं क्रॉस-कंट्री. मेट्रोत स्की घेऊन चढलेली माणसं तर इथे रोजची. पण बर्फ वितळल्यावर या माणसांनी करायचं काय? तर एक जेमतेम हातभर लांबीची पट्टी घ्यायची, तिच्या दोन टोकांना एकेक चाक लावायचं, मधोमध तोच बूट अडकवायचा आणि डांबरी रस्त्यावर निघायचं! होल्मेनकोलनला, त्या जगप्रसिद्ध स्की जंपच्या परिसरात, यासाठी खास डांबरी वाटा आहेत. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा सत्तरीच्या पुढच्या एक आजी माझ्या बाजूने चढावर अशा सरसर गेल्या, की मी तिथेच ठरवलं, हे आपल्याला यायलाच हवं.

आणि त्यातली ती कळ! रोलर स्की दोन प्रकारच्या असतात. स्केटिंगच्या फ्रेमवर चाकं उंच आणि अरुंद असतात, साधारण १०० मिलिमीटर व्यासाची, आणि त्यांवर बाजूला ढकलत जायचं. क्लासिकची चाकं बुटकी आणि रुंद, फ्रेम लांब, दोन आसांमध्ये साधारण ७० सेंटिमीटर अंतर. क्लासिकच्या एका चाकात अशी बेअरिंग बसवलेली असते, की चाक पुढे फिरतं पण मागे फिरतच नाही. बर्फावर स्कीच्या पोटाला लावलेलं मेण जी पकड देतं, ती डांबरावर हे एकमार्गी चाक देतं. पाय मागे रेटा, चाक अडतं, तुम्ही पुढे जाता. मी दुकानात ते चाक बोटाने पुढे-मागे करत उभी राहिले होते, एखादं लहान मूल राहील तशी. चाकांच्या रबराचेही नंबर असतात, एकपासून चारपर्यंत. एक नंबर पळतं, चार नंबर जड जातं. नवशिक्यांनी जड घ्यावं, कारण, हे ऐका, बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो! थांबायचं असेल तर टाचा बाहेर ढकलून पाय फाकवायचे, नाहीतर सरळ बाजूच्या गवतात शिरायचं. काही कंपन्या ब्रेक किंवा वेग कमी करणारी यंत्रणा विकतात, पण इथले जुने खेळाडू त्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर मी मामलेदाराची मिसळ तिखट कमी करून मागणाऱ्याला मिळताना पाहिली आहे. काठ्यांना कार्बाइडची टोकं असतात, डांबरावर टक-टक वाजतात. ती बोथट झाली की हिऱ्याच्या कानशीने घासायची. हिऱ्याची कानस! माझ्याकडे हिऱ्याची अंगठी नाही, कानस आहे.

तर, ओस्लोच्या कडेला सोर्केडालेन नावाचं खोरं आहे, शेतं आणि लाल कोठारांमधून जाणारा रस्ता, सायकलवाले आणि रोलर स्कीवाले दोघांचाही लाडका. तिथे एका हलक्या चढावर, अगदी सावकाश जाताना, माझी उजवी फ्रेम पुढच्या चाकापाशी तुटली. पडण्याइतकाही वेग नव्हता. मी नुसती गवतात जाऊन बसले. काही आठवडे ती फ्रेम जोर लावला की बारीक कुरकुरत होती. बरोबरच्यांपैकी कुणी म्हणालं खड्ड्यात गेली असेल, कुणी म्हणालं फुटपाथच्या कडेला आपटली असेल, कुणी म्हणालं ॲल्युमिनियम घ्यायलाच नको होतं, काचतंतूंची घ्यायची, ती हादरेही शोषते. फ्रेम कशाची घ्यावी यावर इथली माणसं तासभर बोलू शकतात. ॲल्युमिनियम ताठ आणि स्वस्त, पण खडबडीत डांबरावर पायाला झिणझिण्या आणतं. काचतंतूंची फ्रेम लवचीक, पायाला मऊ. ती बिघडताना बऱ्याचदा आधी नरम लागायला लागते, थरांमध्ये पांढुरके डाग दिसतात. कार्बन हलकं आणि महाग. जोराचा दणका बसला तर वरून धडधाकट दिसणाऱ्या कार्बनचे आतले थर सुटलेले असू शकतात, म्हणून दणका खाल्लेल्या कार्बनवर कुणीही डोळे मिटून विश्वास ठेवत नाही.

कंपनीची वॉरंटी चालू होती. कंपनीचं नाव सांगत नाही, ती फ्रेम सोडली तर तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. अर्ज भरला. बिल, अनुक्रमांक, तुटलेल्या जागेचे चार बाजूंनी फोटो, माझं वजन, कुठल्या रस्त्यावर चालवता, स्पर्धेत वापरली का. वॉरंटीची कलमं मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली, आणि काय वाङ्मय आहे ते! चाकं, बेअरिंग, चिखलपट्टी यांना लागू नाही, कारण ती झिजणारच. पहिल्या खरेदीदारालाच लागू, म्हणजे तुम्ही कुणाची जुनी घेतली असेल तर नाही. आघाताने झालेल्या नुकसानाला लागू नाही. उत्तर नम्र होतं आणि लवकर आलं: फोटोंवरून हे आघाताने तुटल्यासारखं दिसतं, सबब वॉरंटीत बसत नाही, मात्र नवीन फ्रेमवर सवलत देऊ.

ते उत्तर आणि तुटलेला तुकडा घेऊन मी जिन्यात उभी होते तेव्हा खालच्या मजल्यावरचे आजोबा भेटले. त्यांची नोकरी समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवरचे वेल्डिंगचे सांधे तपासण्यात गेलेली. त्यांनी तुकडा हातात घेतला, आणि मी दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून दाखवायला गेले तर जवळजवळ ओरडलेच. “जोडू नकोस! तोंडं घासली की पुरावा गेला.” मग आत नेलं, भिंग काढलं, तुकडा खिडकीशी तिरपा धरला.

आणि दिसलं! तुटलेल्या तोंडाचे दोन भाग होते. एक मोठा भाग गुळगुळीत, काळपट, मळलेला. आणि त्यावर, एका बोल्टच्या भोकाच्या खालच्या काठापासून निघालेल्या, एकाबाहेर एक अशा बारीक कमानी. दुसरा भाग लहानसा, खरबरीत, चकचकीत. “ही चकचकीत जागा त्या दिवशी तुटली,” आजोबा म्हणाले. “आणि ही काळी जागा त्याच्या कितीतरी आधीपासून तुटत होती.” भेग थोडी वाढते, थांबते, पुन्हा वाढते, आणि प्रत्येक टप्प्याची रेघ मागे राहते. रस्त्यावरची घाण तिच्यात शिरते, ॲल्युमिनियमवर हवेने थर चढतो, म्हणून जुना भाग काळवंडतो. एका दणक्यात तुटलेल्या फ्रेमचं तोंड असं दिसत नाही, ते सगळं सारखंच ताजं आणि खरबरीत असतं. म्हणजे माझी फ्रेम आपटून मेली नव्हती, ती थकून मेली होती!

हे थकणं म्हणजे मेटल फटीग. तुम्ही प्रत्येक ढकलीला दोन चाकांमधल्या फ्रेमवर वजन टाकता, ती कणभर वाकते, तिची खालची बाजू ताणली जाते, मग सैल पडते. एकदा ताणल्याने काही होत नाही. पण एका फेरफटक्यात असे हजारो फेरे होतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत आउगुस्ट व्होलर नावाच्या अभियंत्याने रेल्वेचे आस का तुटतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि दाखवून दिलं, की जो ताण एकदा दिला तर धातू हसून सोसतो, तोच पुन्हा पुन्हा दिला तर धातू तुटतो. पोलादाची एक मर्यादा असते; ताण तिच्या खाली ठेवला तर ते जवळपास कितीही फेरे काढतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही! फेरे पुरेसे झाले की लहानसा ताणही त्याला पुरतो, म्हणून त्याच्या वस्तू आधीपासूनच आयुष्य मोजून बनवाव्या लागतात. आणि भोकं! सपाट पत्र्यात गोल भोक पाडलं आणि पत्रा ताणला तर भोकाच्या काठावरचा ताण बाकीच्या पत्र्याच्या तिप्पट होतो. हे किर्श नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्येच गणिताने मांडलंय. माझ्या फ्रेममध्ये चाकाचा फोर्क दांडीला बोल्टने जोडलेला, बोल्टला भोक, भोकाचा काठ नीट गुळगुळीत न केलेला. भिंगातून त्या काठावरचा ओरखडा स्पष्ट दिसत होता आणि सगळ्या कमानी त्याच्याकडेच बोट दाखवत होत्या. आणि गंमत अशी की वाढणाऱ्या भेगेला थांबवायचा कारागिरांचा एक जुना उपाय म्हणजे तिच्या टोकाला भोक पाडणं. भेगेचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं, ते गोल करून टाकलं की ताण विखुरतो. भोकानेच भेग जन्मते आणि भोकानेच थांबते. (रोलर स्कीवर हा उपाय करू नका. पाय त्यावर असतो.)

मी अशी उड्या मारत असताना आजोबा मात्र शांत होते. त्यांनी आलेक्झांडर शेलांड या तरंगत्या फलाटाची गोष्ट सांगितली. उत्तर समुद्रात एकोफिस्क तेलक्षेत्रात कामगारांच्या राहण्यासाठी तो वापरत. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी वादळात त्याचा एक पाय निखळला आणि फलाट उलटला. २१२ माणसं होती, १२३ गेली. एका आडव्या नळीवर पाण्याखालचा आवाज टिपणारं उपकरण बसवायला एक आधार जोडला होता. फलाटाच्या ताकदीशी त्याचा काही संबंध नव्हता, म्हणून त्याच्या ६ मिलिमीटरच्या वेल्डिंगकडे फारसं कुणी पाहिलं नाही. भेग तिथून सुरू झाली, नळीभोवती फिरली, नळी तुटली आणि मग उरलेल्या नळ्यांना तो भार पेलवला नाही. आणि चौकशीत भेगेच्या आत काय सापडलं? रंग. फलाट बांधताना मारलेला रंग. म्हणजे तो समुद्रात जाण्याआधीच भेग तिथे होती. आजोबांच्या पिढीने तपासणीचं काम त्या संध्याकाळच्या सावलीत केलं. माझ्या खेळण्याच्या तुकड्यावर ते इतक्या गंभीरपणे का वाकले होते ते मला कळलं.

आता पुढचा शोध, आणि हा मला पहिल्याइतकाच आवडला. आईला फोन केला. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीची जुनी कार्यकर्ती. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि माझ्या लहानपणी महिन्याच्या मालाची यादी, संघाचं वाटप आणि हिशेबाच्या वह्या आमच्या बाहेरच्या खोलीतच असायच्या. तिने धातूचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते राहू दे. तू पैसे कुणाला दिलेस?”

“दुकानाला.”

“मग कंपनीला कशाला पत्रं लिहीत बसलीयस?”

इथेच सगळं आहे! कंपनीची वॉरंटी ही कंपनीने स्वखुशीने दिलेली गोष्ट. अटी तिच्या, कलमं तिची, निर्णयही आधी तिचाच. पण नॉर्वेत २००२ चा ग्राहक खरेदी कायदा आहे, आणि तो वॉरंटीच्या कागदाकडे न बघता दुकानदाराला जबाबदार धरतो. वस्तूत मुळात दोष असेल तर दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. आणि वस्तू त्याहून बरीच जास्त टिकावी अशी अपेक्षा असेल तर पाच वर्षांपर्यंत! पाच! शेजारच्या स्वीडनमध्ये तीन आहेत. मोबाइल फोन या पाच वर्षांत बसतो का, यावर इथे भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २००७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, बसतो. दोष लक्षात आल्यावर रास्त वेळेत कळवायचं, आणि ही रास्त वेळ दोन महिन्यांहून कमी धरता येत नाही. दुरुस्ती किंवा बदली फुकट. त्याच दोषासाठी दुकानाला सहसा दोनदाच प्रयत्न करायची मुभा. आणि कायद्याहून कमी हक्क देणारा करार तुम्ही सही करून दिला असला तरी तो चालत नाही. मी हा कायदा एका बैठकीत वाचला. कायदा वाचून एवढी मजा येते हे कुणी आधी का सांगितलं नाही?

अर्थात कायदा म्हणजे जादू नव्हे. झीज हा दोष नाही. टायर झिजला म्हणून नवा मिळत नाही, आणि मिळूही नये. तुम्ही खरंच फुटपाथवर आपटली असेल तर तुमचं तुम्ही बघा. म्हणूनच तर त्या काळ्या कमानींना एवढी किंमत! दोष मुळात होता की नंतर घडला, हाच सगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर भोकाच्या काठावर बसलेलं.

आईने आज्ञा दिली तशी मी पत्र लिहिलं. तारीख, बिलाची प्रत, कधीपासून कुरकुर सुरू झाली, कधी तुटली, काय हवं आहे, एवढंच. “रागाचं एकही वाक्य घालू नकोस, वाचणारा तेवढ्याच वाक्याला उत्तर देतो.” हे तिचं वाक्य मी आता ऑफिसातही वापरते. भिंगातून काढलेले फोटो जोडले. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरलं की झकास निघतात, फक्त उजेड बाजूने यायला हवा. कंपनीचा नकारही जोडला, लपवायचं काय.

दुकानातला मुलगा पंचविशीचा असेल. त्याने पत्र वाचलं, फोटो पाहिले, तुकडा मागितला आणि म्हणाला, “कंपनीशी आम्ही बोलू, ते आमचं काम आहे.” मी वादासाठी जय्यत तयारी करून गेले होते, कलमं पाठ होती. समजा ते अडलेच असते, तर ग्राहक प्राधिकरणाकडे मध्यस्थी मागता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. शिवाय हाच कायदा तुम्हाला दुकानाच्या मागच्या साखळीवर, म्हणजे आयातदारावर किंवा उत्पादकावरही, थेट दावा करू देतो. यातलं काहीच लागलं नाही. थोडी निराशाच झाली, खरं सांगायचं तर.

काही दिवसांनी निरोप आला: बदलून देतो. एक नाही, दोन्ही फ्रेम, कारण डावीही त्याच घाण्यातली. आणि माझी जुनी चाकं नव्या फ्रेमवर त्यांनीच बसवून दिली. हे वाटतं तेवढं क्षुल्लक नाही. एका पायाचं चाक नवं आणि दुसऱ्याचं झिजलेलं असेल तर एक स्की जास्त पळते आणि तुम्ही वेड्यासारखे एका बाजूला ओढले जाता. चाकं आपसांत फिरवत राहायची असतात, पुढचं मागे, डावीचं उजवीकडे. बहुतेकांची एक बाजू दुसरीपेक्षा लवकर झिजते.

पुण्याच्या मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तर तिने दोन प्रश्न विचारले. एक, हे पुण्यात चालवता येईल का? बाई गं, १०० मिलिमीटरचं चाक आणि कोथरूडचा रस्ता, तूच ठरव. दोन, आपल्याकडे हा हक्क आहे का? तर आहे! २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २०२० च्या जुलैपासून लागू. त्यात सदोष उत्पादनाने नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात उत्पादकही येतो, विक्रेताही आणि सेवा देणाराही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. वॉरंटी कार्डावर शिक्का नाही म्हणून काउंटरवरून परत फिरलेल्या माणसांना कुणीतरी हे सांगायला हवं. आई गेली चाळीस वर्षं सांगतेच आहे म्हणा.

मी आता दर फेरीनंतर फ्रेम ओल्या फडक्याने पुसते आणि प्रत्येक बोल्टभोवती टॉर्च फिरवते. पांढरं फडकं कुठे अडकलं, कुठे रंग केसाएवढा चिरला, कुठे कुरकुर ऐकू आली, की थांबायचं. बिलाचा फोटो घेतल्या दिवशीच काढायचा, कारण दुकानाच्या कागदावरची शाई दोन उन्हाळ्यांत उडते. शनिवारी सोर्केडालेनला जातेय. आजोबा सायकलवर येणार आहेत. मात्र त्याआधी त्यांच्या सायकलच्या हँडलचा दांडा मला भिंगाखाली बघायचाय, तोही ॲल्युमिनियमचाच आहे, वीस वर्षांचा, आणि परवा मी तो कुरकुरताना ऐकलाय.